इमानातली वरात आणि शिवणीची धावपट्टी

“आयकलं का भाऊ? कोपऱ्यावरच्या बंगल्यातला होनारा जावई लग्नाले पुन्याहून इमानानं येनार हाये म्हनते. तिकिटाचं नाही, भाड्याचं! सगळंच्या सगळं इमान त्याईचं!”

काकूंच्या हातात निवडायची मेथी होती. पण अशी बातमी असली की काड्या टोपलीत आणि पानं कचऱ्यात जातात.

“येऊ द्या की. पण उतरेल कुठं?” मी विचारलं.

“कुठं म्हंजे? वाशिमले.”

इथंच तर सगळी गोम आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघून आपला जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर आले, एसपी आले, झेडपी आली. धावपट्टी मात्र अकोल्याच्याच वाट्याला राहिली. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान आपल्या पोहरादेवीला आले तेसुद्धा हेलिकॉप्टरनं. त्यांच्यासाठी सारी यंत्रणा राबते, जावयासाठी कोण राबणार?

“मंग इमान कुठं थांबन?”

“अकोल्याला, शिवणीला.”

शिवणीची पट्टी दीड किलोमीटरही भरत नाही. ती वाढवायची म्हणून कृषी विद्यापीठाच्या जमिनीची चर्चा मी इतकी वर्षं ऐकतोय की त्या जमिनीवर आतापर्यंत किती पिकं निघाली असतील देव जाणे. अशा आखूड पट्टीवर मोठं जेट उतरत नाही. तिथं चालतं ते पंख्याचं विमान. आत इंजिन टर्बाइनचंच, पण त्याची ताकद बाहेरचा पंखा फिरवण्यात जाते, म्हणून ते थोड्या जागेत उठतं आणि थोड्या जागेत थांबतं. भाड्यानं मिळणाऱ्यांत जास्त करून ‘किंग एअर’ दिसतं. दोन इंजिनं, सात-आठ माणसं. पुण्याहून अकोला हवेतून जेमतेम तासाभराचं.

“बघ! तासात!”

“आणि तिथून पुढं पातूरचा घाट, मेडशी, मालेगाव, मग वाशिम. ऐंशी किलोमीटर. ते तुमच्या आमच्यासारखं गाडीतनंच.”

काकू हसल्या. “म्हंजे नवरदेव इमानातून उतरून इनोव्हात बसनार, अन् मांडवात इनोव्हातून उतरनार. पाहनार कोन मंग?”

काकूंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. लग्नातलं विमान लोकांनी बघावं म्हणूनच असतं आणि वाशिमच्या लोकांना ते दिसणारच नाही. शिवणीत बघतील ते अकोल्याचे.

मेथी बाजूला ठेवून काकूंनी खरा प्रश्न काढला, “लागते किती?”

माझा भाचा पुण्यात अशी विमानं ठरवून देण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे थोडं कानावर असतं. किंग एअरला तासाचे लाखाच्या वरच मोजावे लागतात. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे नुसता लाख धरला तरी एका तासाला एकोणीस क्विंटल सोयाबीन.

“एकोनीस!” काकूंचे डोळे मोठे झाले. “तीन एकराचं पीक एका तासात उडवलं?”

“एका तासात नाही काकू. विमान पुण्यात झाडाखाली उभं नसतं. समजा ते मुंबईला असतं. तिथून रिकामं पुण्याला येणार, पुण्याहून जावयाला घेऊन अकोल्याला, आणि अकोल्याहून पुन्हा रिकामं मुंबईला. या रिकाम्या फेऱ्यांचे तासही आपल्याच बिलात. अडीच-तीन तास सहज. दुसऱ्या दिवशी परत न्यायचं असेल तर विमान उभं करायचं भाडं, वैमानिकांचा मुक्काम, जेवण आणि वरून जीएसटी.”

“रिकाम्या इमानाचे पैसे कायले द्याचे बाप्पा?”

सगळा धंदाच याच्यावर चालतो. जे ऑपरेटर जाहिरातीत फक्त तासाचा दर लिहितात त्यांना फोन करून पहिलं हेच विचारावं, की तास मोजायला सुरुवात कुठून करणार.

तेवढ्यात काका पाण्याचा पाइप ओढत आले. त्यांचं म्हणणं, ओळखीतल्या एखाद्या उद्योगपतीचं विमान मिळालं तर स्वस्तात जमेल. मी म्हटलं, ते तर मुळीच करू नका. पांढऱ्या पाटीची गाडी वडापला लावावी तसलाच तो प्रकार. खासगी नोंदणीच्या विमानात पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत. भाड्यानं द्यायचं तर ऑपरेटरकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नॉन-शेड्यूल्ड परवाना लागतो, आणि नेमकं तेच विमान त्या परवान्यावर चढवलेलं असावं लागतं. उद्या काही झालं तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच कागद मागते.

“अजून एक,” मी म्हटलं, “ते वजन विचारतात.”

“सामानाचं?”

“सामानाचं आणि माणसांचंही. एवढ्या लहान विमानात ते बघावंच लागतं.”

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मंग जावयाची आत्या नाही येत त्या इमानात.”

आणि मुहूर्त! काकूंना आधीच कळलं होतं, लग्न गोरज मुहूर्तावर आहे. लहान पट्ट्यांवर बहुधा सूर्यास्ताच्या आत येणं-जाणं उरकावं लागतं, कारण तिथं रात्रीच्या दिव्यांची सोय नसते. म्हणजे इकडं अक्षता पडायच्या आणि तिकडं विमानाची त्या दिवसाची वेळ संपायची. त्याच दिवशी वधू-वरांनी विमानातून परत जायचा बेत असेल, तर तो तिथंच बारगळला.

काकांनी रास्त मुद्दा काढला. सरकारनं स्वस्त विमानांचं काढलं होतं, त्याचं काय झालं? ‘उडान’ची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यातलं एक आपल्या शेजारच्या नांदेडहून हैदराबादला होतं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजाराची मर्यादा, तीही अर्ध्या जागांना. त्याच वर्षी डिसेंबरात जळगावहून मुंबईला लहान पंख्याचं विमान सुरू झालं आणि काही काळानं बंदही पडलं. दहा-वीस जागांच्या विमानाचं गणित आपल्याकडं कुणालाच धड जमलेलं नाही. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला एटीआर ७२ जाऊ लागलं. तेही पंख्याचंच, पण सत्तरेक जागांचं आणि तिकिटाचं. कारंजावाल्याला बेलोरा जवळ पडतं. माझं मत विचाराल तर मुंबईच्या वऱ्हाडानं त्यातनंच यावं. विमानात बसल्याचा फोटो तसाच निघतो.

मग काकू एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “पन दवाखान्यासाठी त लागतेच न रे.”

लागतं. आणि पंख्याच्या विमानाचं खरं काम तेच आहे. एका बाजूच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवतात, सोबत डॉक्टर, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर. पण आपल्या भागातून नागपूरला न्यायचं असेल तर विमानाच्या मागं लागू नये. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतूनच जातो. विमान मागवून, रुग्णाला ॲम्ब्युलन्सनं अकोल्याला नेऊन, तिथं पुन्हा स्ट्रेचर बदलेपर्यंत रस्त्यानं नागपूर आलेलं असतं. मुंबई, हैदराबाद, चेन्नई गाठायचं असेल तर मात्र ते तास जीव वाचवतात. इथल्या डॉक्टरचं रुग्ण हवाई प्रवासाला योग्य असल्याचं पत्र लागतं, तिथल्या रुग्णालयानं बेड दिल्याचं कळवावं लागतं, दोन्ही टोकांना ॲम्ब्युलन्स उभी हवी. आरोग्य विम्यात एअर ॲम्ब्युलन्सचं कलम आहे का आणि किती रकमेपर्यंत, हे धडधाकट असतानाच वाचून ठेवावं. त्या रात्री वाचायला कुणाचे डोळे ठिकाणावर असतात?

“अन् पंखा बंद पडला त?”

“दोन इंजिनं असतात. एकावरही उतरता येतं.” मग मला ६ मे २०२१ ची गोष्ट आठवली. नागपूरहून रुग्णाला घेऊन हैदराबादला निघालेल्या अशाच एका किंग एअरचं चाक उड्डाण करतानाच निखळून पडलं. वैमानिकानं विमान मुंबईकडं वळवलं. तिथं धावपट्टीवर फेस पसरला होता, त्यावर पोटावर उतरवलं. रुग्ण, डॉक्टर, वैमानिक, सगळे सुखरूप.

“पोटावर!” काकूंनी हात जोडले. कुणाला ते नीट कळलं नाही, बालाजीला की वैमानिकाला.

बंगल्यातल्या लोकांना हे सांगायला जायची काकूंची तयारी होती. काका म्हणाले, “आपन कायले सांगाचं? बिल आलं की कळन.” मला मात्र वाटतं, सांगावं. आणि कुणालाही अशी विमानाची वेळ आली तर रिकाम्या फेऱ्यांचे तास लेखी घ्यावेत, परवान्यावरचा विमानाचा नंबर आणि उभ्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर जुळवून पाहावा, आणि त्या दिवशीचा सूर्यास्त पंचांगात बघून मगच पैसे भरावेत.