भिलाईला लोखंड

भिलाईला लोखंड घेऊन जाणं म्हणजे काशीला गंगाजलाची कावड नेण्यासारखं आहे, हे साळेबुवांना कोणी सांगितलं नाही असं नाही. बायकोने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं. इतवारीतल्या लोहा ओळीत ज्या कबाड्याकडून त्यांनी ती टाकी घेतली, त्यानेसुद्धा पैसे मोजून घेतल्यावर सांगितलं. पण नागपूरच्या माणसाला एकदा सौदा स्वस्तात पटला की पुढचं ऐकू येत नाही.

टाकी 100 लिटरची. कोण्या जुन्या कंप्रेसरची, निळा रंग उडालेली, एका बाजूला जडवलेली पितळी पाटी. ती जायची होती कुरुदला, बहिणीकडे. पार्सलने पाठवायचा विचार झाला होता. पण छत्तीसगडात कुरुद दोन. एक भिलाईच्या पोटात, सुपेल्याहून कोहक्याकडे गेल्यावर लागणारं. दुसरं धमतरी जिल्ह्यातलं, तहसील असलेलं आणि त्यामुळे नकाशावर जास्त तोऱ्यात असणारं. टाकी धमतरीला गेली तर ती आणायला पुन्हा साळेबुवांनाच जावं लागणार. त्यापेक्षा सोबत नेलेली बरी.

निमित्त भाऊजींच्या चेतक स्कूटरचं. भिलाई इस्पात कारखान्यातून निवृत्त झालेले भाऊजी घराच्या पोर्चमध्ये वर्कशॉप थाटून बसले होते. दोन हॉर्सपॉवरचा, 50 लिटर टाकीचा कंप्रेसर आणि एक रंगाची गन एवढं भांडवल. कंप्रेसर 8 बारला बंद पडायचा, साडेपाचला पुन्हा सुरू व्हायचा. गनला मिनिटाला 200 लिटर हवा लागायची आणि यंत्र प्रत्यक्षात भरायचं 120 लिटर. म्हणजे आमदनी अठन्नी, खर्चा रुपय्या. 8 बारवरून 3 बारवर येईपर्यंत टाकीतून 250 लिटर हवा निघते. ती आणि मोटरची भर मिळून सव्वादोन मिनिटं पुरायची. मग गन थुंकायला लागायची. स्कूटरचं डाव्या बाजूचं झाकण संपतंय न संपतंय तोच रंगाचे शिंतोडे. भाऊजींनी फोनवर ही व्यथा सांगितली आणि साळेबुवा म्हणाले, ‘‘काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊजी? दुसरी टाकी जोडून टाकू ना.’’

हिशेब चुकीचा नव्हता. 100 लिटरची भर पडली की तेवढ्याच उतारात 750 लिटर हवा मिळते आणि सव्वादोनाची साडेसहा मिनिटं होतात. तेवढ्यात स्कूटरची एक बाजू आरामात होते. मात्र टाकी वाढली म्हणून यंत्र मोठं होत नाही. मिनिटाला 120 लिटर भरणारं यंत्र 120च भरतं. जिथे एक टाकी साडेतीन मिनिटांत भरायची, तिथे जोडी आता दहा मिनिटं खाणार, आणि तेवढा वेळ मोटर सलग धापा टाकणार. ही गोष्ट फोनवर कोणी काढली नाही. शुभकार्याच्या आधी असं काही बोलू नये.

इतवारी स्टेशनवर खाकी वर्दीतल्या जवानाने काठीने टाकीला टक्‌ टक्‌ केलं.

‘‘काय आहे याच्यात?’’

‘‘हवा.’’

‘‘कोणती हवा?’’

‘‘साधी. पण तीबी नाही सध्या. खाली आहे.’’

जवान आपल्या जागी बरोबर होता. रेल्वे कायदा 1989 मधलं कलम 164 धोकादायक माल गाडीत आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. आणि लांबट, गोल, लोखंडी, तोंडाला वॉल्व्ह असलेली वस्तू बघून कोणाला पाण्याचा माठ आठवत नाही. साळेबुवांनी खालचा ड्रेन प्लग उघडला. आतून लालसर पाण्याची धार आणि जुन्या तेलाचा वास आला. जवानाने नाक धरलं आणि टाकीची सुटका झाली. त्या लाल पाण्याचा अर्थ त्याच वेळी लागला असता तर पुढचा प्रवास टळला असता, पण गाडी सुटत होती.

डब्यात टाकी दाराजवळ उभी केली. तिला पाय नव्हते, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला ती कुठेतरी जायला निघायची. आमगाव येईपर्यंत लोकांनी तिचा स्वभाव ओळखला आणि तिच्यावर आळीपाळीने बसून तिला जागेवर ठेवलं. त्याआधी गोंदियाला उतरून गेलेला एक प्रवासी गाड्यांच्या डब्यांची देखभाल करणारा निघाला होता. त्याने टाकीकडे जराही कौतुकाने पाहिलं नाही. ‘‘काका, तुमी शंभराची घेऊन चालले. जुन्या निळ्या डब्याच्या खाली दोनशे लिटरची असते. एकेका डब्याला.’’

हे खरं आहे, आणि कंप्रेसरला जोडटाकी लावणाऱ्या प्रत्येकाने एकदा गाडीखाली वाकून बघावं असं आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 साली हवेचा ब्रेक काढला तेव्हा सगळी हवा इंजिनातच होती. ती लांबलचक नळीतून शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि मध्येच नळी फाटली तर ब्रेक गेलाच. 1872 साली त्याने प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र टाकी बसवली आणि कारभार उलटा केला. आता नळीतला दाब पडला की डब्याची आपली टाकी ब्रेक दाबते. भारतीय गाड्यांत या ब्रेकनळीत चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब असतो. साखळी ओढली की तोच उतरतो. इंजिनावरचा कंप्रेसर निवांत भरत राहतो, आणि ऐन वेळी लागणारी हवा जिथे लागते तिथेच तयार असते. भाऊजींच्या पोर्चमध्ये नेमकं हेच घडवायचं होतं, फक्त गाडी थांबवण्याऐवजी स्कूटर रंगवायची होती.

सालेकसा गेलं, दरेकसाचा बोगदा गेला, डोंगरगडच्या टेकडीवरचं बमलेश्वरीचं देऊळ दिसलं. तिथे चढलेल्या एका आजींनी टाकीवर बूड टेकवण्याआधी तिला हात जोडले. कशाला, ते त्यांनाच माहीत.

ही गाडी ज्या रुळांवरून धावते ते रूळ बहुधा भिलाईचेच. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या रेल्वेला रूळ पुरवणं हे गावाचं मुख्य काम होऊन बसलं. आज तिथून 260 मीटर लांबीचे जोडरूळ निघतात. 2018 मध्ये पेटलेल्या आठव्या भट्टीचं नाव महामाया, पोट 4060 घनमीटरचं. साळेबुवा आपलं 0.1 घनमीटर घेऊन दुर्गला उतरले आणि ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडले. ऑटोवाल्याने माणसाचं वेगळं आणि टाकीचं वेगळं लावलं होतं.

पोळा तोंडावर आला होता. छत्तीसगडात पोळ्यानंतर तीजा येतो, आणि तीजासाठी बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, लुगडं घेऊन. कुरुदच्या गल्लीत ऑटोतून टाकी उतरताना शेजारच्या काकूंनी पाहिली आणि पलीकडच्या घराला ओरडून खबर दिली, ‘‘भाई ह तीजा लेगे बर आय हे, फेर लुगरा के जघा टंकी लाने हे!’’ ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. लुगडं पिशवीत होतं, पण आधी निघाली टाकी.

संध्याकाळी पोर्चमध्ये सभा भरली. भिलाईच्या गल्लीत निवृत्त माणसं कमी नाहीत, आणि ज्याने हयात भट्टीपाशी काढली त्याला 8 बार म्हणजे फुंकर वाटते. एकाने सुचवलं, टाकी कशाला, घरातलं जुनं गॅस सिलिंडर जोडा, पंचवीस बारला तपासलेलं असतं. दुसऱ्याने लगेच हाणून पाडलं. घरगुती सिलिंडर आपल्या मालकीचं नसतंच, ते तेल कंपनीचं. रिकामं म्हणून छिद्र पाडायला जावं तर आत गॅस उरलेला. आणि गॅससाठी बनवलेल्या पोटात रोज ओली हवा भरली की गंज आतून खातो, बाहेरून रंग चकचकीत. तिसऱ्याने पीव्हीसी पाइपने जोडणी करायचं काढलं, स्वस्त पडतं म्हणून. पाण्याला तो पाइप ठीक. हवेच्या दाबाखाली फुटला तर तो चिरत नाही, त्याचे तुकडे उडतात. सभेने एकमताने नकार दिला, सुचवणाऱ्यानेसुद्धा.

मग सगळ्यांत कमी बोलणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘हायड्रो किया क्या?’’

केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते कुठूनतरी हातपंप घेऊन आले. टाकी काठोकाठ पाण्याने भरली, आतली हवा पूर्ण काढली आणि हळूहळू दाब चढवायला घेतला. जायचं होतं कामाच्या दाबाच्या दीडपट, 12 बारला. ही तपासणी पाण्यानेच करायची, कारण पाणी दाबलं तरी आकसत नाही. टाकी फुटली तर पाय ओले होतात, बस. 150 लिटर हवेत 8 बारला कोंडलेली ताकद कागदावरच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दीडशे मीटर उंच उडवायला पुरते. ही माहिती मिळाल्यावर साळेबुवा पंपापासून दोन पावलं मागे सरकले, जरी आत पाणीच होतं.

काटा 7 वर आला आणि टाकीच्या तळाशी, वेल्डच्या कडेला, एक थेंब उगवला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग ओळच. पुसलं की पुन्हा. पितळी पाटी वर झळकत होती आणि तळ चाळणी झाला होता.

दोष पहिल्या मालकाच्या आळसाचा. 30 अंशांच्या दमट दिवशी घनमीटरभर हवा तीसेक ग्रॅम पाणी बाळगू शकते. पावसाळ्यातली ऐंशी टक्के ओली 9 घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबली की तिच्यातलं दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी टाकीच्या तळाशी पडतं. रोज संध्याकाळी ड्रेन उघडला तर ते जातं. नाही उघडला तर इतवारीच्या फलाटावर लाल धार निघते.

कबाडी आला, टाकी वजनावर गेली. ताई एवढंच म्हणाली, ‘‘आता लुगडं दाखव.’’

नवी टाकी भिलाईतल्याच पॉवर हाउसच्या बाजारात मिळाली, पाटी आणि तपासणीच्या कागदासकट. जोडणीचं सामान मागताना साळेबुवांनी पाऊण तास घालवला, कारण त्यांनी ‘बीएसपीची आटी’ मागितली आणि दुकानदाराने हात जोडून सांगितलं की बीएसपीचा, म्हणजे भिलाई स्टील प्लांटचा, माल आम्ही ठेवत नाही. पाइपाच्या आटीलाही बीएसपी म्हणतात हे भिलाईत पटवणं कठीण. शेवटी अर्ध्या इंचाचे निप्पल, टी, एक बॉल वॉल्व्ह आणि जाड रबरी नळी घेऊन मंडळी परतली. नळी रबरी अशासाठी की कंप्रेसर हादरतो आणि लोखंडी पाइपाची आटी महिन्याभरात सैल करतो. नव्या टाकीला स्वतःचा सेफ्टी वॉल्व्ह, तळाला ड्रेन. नॉन-रिटर्न वॉल्व्ह जुन्याच जागी. मधला बॉल वॉल्व्ह भाऊजींच्या डोक्यातून निघालेला: थोडं काम असेल तेव्हा तो बंद करायचा, म्हणजे दोन फुंकरा मारायला दहा मिनिटं थांबावं लागत नाही.

पहिली भरती झाली तेव्हा मोटरचं डोकं इतकं तापलं की भाऊजींनी त्याच्यापुढे टेबलफॅन लावला. स्कूटर मात्र एका दमात रंगली, दोन्ही बाजू, मध्ये चहाएवढी विश्रांती धरून.

भरलेली टाकी घरात आहे ही बातमी लपत नाही. संध्याकाळी एक पोरगं सायकल घेऊन आलं, मग त्याचा काका मोपेड घेऊन, मग एक ऑटो. ताईने गेटवर खडूने लिहिलं, ‘हवा शाम 5 से 6. पंक्चर नहीं बनता.’ सकाळी दार उघडलं तर एक म्हातारबा ट्यूब गळ्यात घालून ओट्यावर बसलेले, आणि भाऊजी आतल्या खोलीत सोल्यूशनची ट्यूब शोधत होते.