पोर्ट लुईसहून मालवणास

ती. आईबाबांस साष्टांग नमस्कार.

पोर्ट लुईस ही मॉरिशसची राजधानी. बेटाचे कौतुक मालवणकरांना नसते. 1664 साली आपल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली, त्याच साली डच मॉरिशसवर दुसऱ्यांदा वस्तीला आले आणि 1710 मध्ये कंटाळून निघून गेले. मागे ऊस आणि हरणे राहिली. डोडो राहिला नाही. बंदराला आकार दिला तो 1735 साली आलेला फ्रेंच गव्हर्नर माहे द लाबूर्दोने याने. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. खाद्यफेरीत एवढा इतिहास रिकाम्या पोटी ऐकावा लागतो.

पहिला घास सेंट्रल मार्केटपाशी, धोल पुरीचा. शिजवून वाटलेली डाळ मैद्याच्या पारीत भरून कागदासारखी लाटलेली ही गुळाविना पुरणपोळी. ती जोडीनेच विकतात. आत डबल बीचा रस्सा, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीचे वाटप घालून गुंडाळी हातात देतात. खायची उभ्यानेच, रस कोपरापर्यंत ओघळू देत. होळीला पुरणाचा नैवेद्य दाखवणाऱ्या घरच्या सुनेने पहिल्या घासाला गोडाची वाट पाहिली, दुसऱ्याला मिरची लागली आणि मग आणखी एक जोडी मागवण्यात आली.

ही डाळ इथे कशी पोचली ते बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर समजते. 1835 साली गुलामगिरी बंद झाली आणि त्या सुमारास उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली. 1834 ते 1920 या काळात पाच लाखांच्या आसपास मजूर गिरमिटावर आले. बिहारी, तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून निघालेले मराठी. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ होते, आणि 1981 पर्यंत आपला सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता. त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. बोटीतून उतरून चढायच्या 16 दगडी पायऱ्या अजून आहेत. 2006 साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा ठरवला. इथे खाण्याचा थांबा नाही, ते बरेच आहे.

पुढे 'गातो पिमा', म्हणजे डाळीचे तिखट वडे, लोणी लावलेल्या फ्रेंच वळणाच्या पावात. चिनी वस्तीत शूशू नावाच्या हिरव्या फळभाजीचे उकडलेले गोळे रश्शात मिळतात. हे नाव ऐकल्यावर मराठी मुलांना पुढचे काही ऐकू येत नाही. तिखट उतरवायला 'आलुदा': दूध, सब्जा आणि चायनाग्रासचे तुकडे.

मासळीची चौकशी मालवणातून होणारच. मोहरी, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले ऑक्टोपसचे विंदाय मिळते. त्यात कोकम नाही, तिरफळ नाही, तरीही चव लागते. ही ओळ आजीला वाचून दाखवू नये.

कळावे, लोभ असावा.