शपथविधीला चला, पण नाक्यापर्यंतच!

मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे, हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर दोन्हीकडून घसा कोरडा करणाऱ्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नाही. पोराचा शपथविधी म्हणून साताऱ्याकडचे आईबाप निघतात. पिशवीत बेसनाचे लाडू, आईच्या अंगावर ठेवणीतली साडी. आणि नेमकं तेव्हाच कुठल्यातरी बसला काळं फासलं जातं, की एसटी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडेच थांबते. डिसेंबर २०२२मध्ये गाड्या बंद झाल्या, फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा. देशाची सीमा राखणाऱ्या पोराला भेटायला बापानं आधी राज्याची सीमा ओलांडायची. तीही बोचकं सांभाळत, दुप्पट भाडं मागणाऱ्या वडापनं!

मैदानावर मात्र सगळं चोख. ताठ रांगा, बँड, शिवरायांचा जयघोष, आईबापांच्या छातीवर गौरवपदक. आई पोराचे गाल चाचपत म्हणते, "वाळलास की रं!" बाप बोटांवर हिशेब मांडतो: अग्निवीर म्हणजे चार वर्षं, पुढं कायम होणार फार तर चारातला एक.

पुढाऱ्यांनो, आंदोलन जरूर करा. फक्त तारीख ठरवण्याआधी परेड कधी आहे, तेवढं विचारून घ्या.