गोट्या खेळत बसशील!

आमच्या लहानपणी अभ्यास न करणाऱ्या मुलासमोर दोनच व्यवसाय असत : म्हशी वळणे आणि गोट्या खेळणे. पहिल्याला निदान म्हशी लागतात. त्या आमच्याकडे नव्हत्या, म्हणून अण्णांचा सगळा भर दुसऱ्यावर. गणितात काठावर पास झालो की प्रगतिपुस्तकावर सही करता करता ते भविष्य वर्तवत, "जन्मभर गोट्या खेळत बसशील!" यात भिण्यासारखं काय आहे हे मला कधीच कळलं नाही. जन्मभर? आणि तेही बसून?

मग नाइलाजाने शिकलो, नोकरी केली, पेन्शनीत निघालो, आणि एकसष्टाव्या वर्षी अण्णांचं भविष्य खरं केलं. म्हणजे गोटी विकत घेतली. एकच. जर्मनीची, हाताने केलेली, शंभरेक वर्षांपूर्वीची. भाच्याने येताना आणली. तिची किंमत घरात सांगितलेली नाही. "भाच्याने आणली" एवढंच बायकोला ठाऊक आहे, आणि ते काही खोटं नाही. आणली त्यानेच.

ही गोटी खिडकीपाशी उजेडात धरायची. आत पांढऱ्या धाग्यांची पीळ दिलेली जाळी, कोणी बारीक सुईने विणल्यासारखी. तिच्याबाहेर, काचेच्या पोटातच, लाल आणि निळे पट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळत गेलेले. आणि दोन्ही टोकांना जरा खरखरीत व्रण. तिथे अंगठा थबकतो.

हे रंग आत जातात कसे, हा आमच्या आळीतला मोठा वैज्ञानिक प्रश्न होता. एका गटाचं मत होतं की गोटी आधी दोन वाट्यांसारखी असते, आत रंग भरून मिटतात, करंजी मिटतात तशी. दिन्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणे, डॉक्टरसारखं इंजेक्शन देतात. यावर आम्ही इतके हसलो की पुढचे काही महिने दिन्याला 'कंपाउंडर' हे नाव पडलं. शेवटी वाद मिटवायला मी पाट्यावर एक गोटी ठेवली आणि वरवंटा घातला. गोटी माझी नव्हती, दिन्याची होती. विज्ञानासाठी उसनी घेतलेली. आत काहीच निघालं नाही. म्हणजे काचेचे तुकडे निघाले आणि त्यांतल्या काही तुकड्यांत किंचित निळं काही होतं. आईने पाटा तीनदा धुतला. त्या संध्याकाळी चटणी झाली नाही, माझी मात्र झाली.

उत्तर होतं थुरिंगियात. जर्मनीच्या त्या डोंगराळ, झाडीच्या भागात लाउशा नावाचं गाव आहे. तिथे १५९७ साली ग्रायनर आणि म्युलर या दोन काचकारांनी भट्टी घातली. वाळू होती, भट्टीच्या पोटात घालायला जंगल होतं, आणि पोटाला दुसरं फारसं काही पिकत नव्हतं. गावाने मग काचच पिकवली. नाताळच्या झाडावर टांगायचे चकचकीत काचेचे गोळे तिथले. आणि तिथल्याच लुडविग म्युलर-उरी नावाच्या कारागिराने १८३५च्या सुमारास, बाहुल्यांचे डोळे करता करता, माणसांसाठी काचेचे डोळे करायला घेतले. आपण मराठीत डोळ्यांच्या गोट्या म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं ही उपमा आहे. लाउशात दोन्ही माल एकाच गावच्या भट्ट्यांतून निघाला.

त्यांची रीत ऐकली की आपल्या जत्रेतला मिठाईवाला आठवतो. तो बांबूवर गुलाबी चिकट साखरेचा गोळा चढवलेला, त्यातून तार ओढून कोणाला घड्याळ, कोणाला मोर करून देणारा. आधी लोखंडी सळईच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा. त्याच्याभोवती पांढऱ्या काचेच्या बारीक कांड्या उभ्या चिकटवायच्या. वर पुन्हा स्वच्छ काचेचा थर. त्यावर लाल-निळ्या कांड्या. पुन्हा काच. मग भट्टीत मऊ करून लांबवत न्यायचं आणि लांबवताना पीळ द्यायचा. पसाभर जाडीच्या गोळ्यात जे नक्षीकाम होतं तेच, त्याच प्रमाणात, बोटभर जाडीच्या कांबीत उतरतं. पीळ पडला म्हणून सरळ कांड्यांची जाळी झाली. म्हणजे गोटीच्या आत कोणी काही घालतच नाही. आधी आतलं करतात, मग त्याची गोटी करतात. आमचे दोन्ही गट चुकले होते, असं मी तेव्हा समजलो.

आता या कांबीचे गोल तुकडे पाडायचे. १८४०च्या दशकात लाउशात यासाठी एक खास कात्री निघाली. दिसायला चिमटा आणि अडकित्ता यांचं लेकरू : एका पात्याच्या टोकाला छोटी वाटी, दुसऱ्याला धार. तापवलेल्या कांबीचं टोक वाटीत ठेवायचं, कांब फिरवत राहायचं, टोक गोल होत आलं की कच्चकन आवळायचं. गोटी सुटली. पुढची. त्या दोन टोकांचे व्रण म्हणजे मागच्या गोटीशी आणि पुढच्या गोटीशी असलेली नाळ तोडल्याच्या खुणा. माझ्या गोटीला दोन सख्खी भावंडं होती, असं ते व्रण सांगतात. ती कुठे घरंगळली, कोणास ठाऊक.

सुटलेली गोटी लगेच गार करून चालत नाही. भाकरी तव्यावरून काढून दुरडीत टाकता येते. काच असली घाई खपवून घेत नाही. वरून गार झाली आणि आत ऊन राहिली तर तो ताण मनात धरून बसते आणि एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, तडकते. (अशी माणसं आमच्या कचेरीत होती.) म्हणून गोट्यांना हळूहळू निवत ठेवावं लागतं.

कांबीची पहिली आणि शेवटची गोटी जरा बिघडलेलीच निघते. पट्टे अर्ध्यावर संपतात, पीळ एका बाजूला गोळा होतो, व्रणही एकच. आमच्या कोकणात पहिला घावन कायम फाटतो. तो कोणाच्या पानात वाढत नाहीत, करणारीच उभ्या उभ्या तोंडात टाकते. गोट्यांचे संग्राहक नेमका हा फाटका घावन शोधत हिंडतात आणि त्याला चार पैसे जास्त मोजतात.

मग यंत्र आलं. मार्टिन ख्रिस्तेन्सेन हा जन्माने डेन्मार्कचा, राहायला अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी. त्याचा मूळ उद्योग बेअरिंगसाठी पोलादी गोळ्या करण्याच्या यंत्राचा. पोलाद गोल होतं तर काच का नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि काचेच्या गोट्या वळण्याच्या यंत्राचं पेटंट त्याला १९०५ साली मिळालं. यंत्राची कल्पना आपल्या कुठल्याही आजीला एका वाक्यात कळली असती : लाडू वळणे. दोन तळव्यांत लाडू नुसता पुढे-मागे केला तर त्याची वळकटी होते. तो फिरता फिरता कलतही राहिला पाहिजे, सारखी नवी बाजू तळव्याखाली आली पाहिजे. ख्रिस्तेन्सेनच्या खाचांच्या चाकांनी हेच केलं, फक्त ओल्या निखाऱ्यासारख्या काचेवर.

गंमत अशी की त्याचं यंत्रही हाताशिवाय चालत नव्हतं. एक माणूस सळईवर काच घेऊन उभा, ती ओघळू लागली की दुसरा कात्रीने थेंब कापणार, थेंब चाकांमध्ये पडणार. काच सळईवर गुंडाळून घेताना त्या माणसाचं मनगट वळे, आणि ते वळण गोटीवर उमटे : माथ्यावर इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी पांढरी गुंडाळी आणि खाली शेपूट. आज म्हातारे संग्राहक भिंग लावून हा नऊ शोधतात. तो कामगार दिवसभरात असे किती नऊ काढत असेल! एकदाही, आपण नऊ काढतोय, असं त्याच्या मनात आलं नसेल.

पहिल्या महायुद्धाने जर्मन गोट्यांची वाट अडवली, आणि अमेरिकन पोरांच्या खिशात अमेरिकन गोट्या आल्या. ख्रिस्तेन्सेनचा कारखाना मात्र युद्धकाळातल्या गॅसच्या टंचाईत, १९१७ साली, बंद झाला. अ‍ॅक्रनचीच दुसरी कंपनी, अ‍ॅक्रो अ‍ॅगेट, १९१४ सालीच वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला निघून गेली होती. तिथे वाळू चांगली आणि गॅस स्वस्त. पुढे सळईवाला माणूसही गेला. भट्टीच्या तळाच्या भोकातून काचेची धार सुटते, यांत्रिक कात्री तिचे थेंब पाडते, थेंब दोन फिरत्या रुळांच्या मळसूत्री खाचेत पडतात आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गोल आणि घट्ट होतात. अ‍ॅक्रोवाल्यांनी दोन रंगांच्या धारा एकत्र सोडून त्यांना खाली फिरत्या वाटीतून गिरकी दिली. बूच काढायच्या स्क्रूसारखा पीळ पडलेल्या त्या गोट्या त्यांनी अमाप खपवल्या. १९५१ साली तीही कंपनी मिटली. त्यात एक कारण जपान.

जपानने युद्धानंतर स्वच्छ काचेची, आत रंगीत पाकळ्या असलेली गोटी बाजारात आणली. तिला मांजराचा डोळा म्हणत. ती अमेरिकेत अशी शिरली की तिथल्या कारखानदारांची झोप उडाली, आणि पन्नाशीच्या दशकात त्यांनाही ती करायला शिकावं लागलं. तुमच्याआमच्या खिशातली गोटी या जातीची : हिरवट काच आणि आत पिवळी नाहीतर निळी पाकळी. मी वरवंट्याखाली घेतलेली गोटीही तीच. ती करतात कशी? वितळलेल्या स्वच्छ काचेच्या धारेत, ती वाहत असतानाच, आतल्या बाजूने रंगीत काच घुसवतात. म्हणजे टोचतात. म्हणजे, सरळ मराठीत सांगायचं तर, इंजेक्शन देतात.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

संग्राहकांच्या जगाचे कायदे मला अजून नीट पचलेले नाहीत. तिथे गोटीला दहापैकी गुण देतात, आणि दहाच्या जवळ जाणारी गोटी म्हणजे जिला ओरखडा नाही, टवका नाही, काही नाही. दुसऱ्या गोटीचा टोला बसला की काचेच्या कातडीखाली अर्धगोल भेग पडते, तिला ते लोक चंद्र म्हणतात. चंद्र दिसला की गुण कापले. आता मला सांगा, टोला न खाल्लेली गोटी म्हणजे कोणती? जी कधी गलीत गेली नाही, जिने रिंगण पाहिलं नाही, जिच्यापायी कोणी कोपर सोलून घेतलं नाही. म्हणजे ती शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या शहाण्या मुलाची. वडिलांनी दिली, त्याने डबीत ठेवली आणि तो भूमितीला बसला. सर्वांत जास्त भाव त्याच्या गोटीला! आणि आळीतल्या ज्या पोरांनी गोट्यांचं खरं चीज केलं त्यांचा माल टोपलीत, किलोवर. अण्णा असते तर त्यांना या हिशेबाने फार बरं वाटलं असतं.

माझी जुनी गोट्यांची बरणी माळ्यावर आहे. परवा काढून एक-एक गोटी भिंगाखाली घातली. सगळीकडे चंद्रच चंद्र. एकीवर तर मोजून अकरा. पंचांगात बसणार नाहीत इतके. ती माझी मारायची गोटी, मधलं बोट मागे ओढून जिच्यावर भरवसा ठेवायची ती. दहापैकी किती? मी तिला बरणीत परत टाकलं आणि गुण दिले नाहीत. जर्मन गोटीवर एकच चंद्र आहे, बारका, लाल पट्ट्याशेजारी. भाच्याने विकणाऱ्याचा निरोप सांगितला होता की याच्यापायीच ती जरा स्वस्तात मिळाली. मला तो चंद्र पाहून हायसं वाटलं. कोणीतरी एकदा तरी नेम धरला होता.

बरणीत सोडाबाटलीतली एक गोटीही सापडली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली त्या बाटलीचं पेटंट घेतलं : आतल्या वायूच्या जोराने गोटी वर येऊन तोंडाच्या रबरी कड्याला घट्ट बसते आणि तीच बूच होते. तिकडची पोरं म्हणे गोटीसाठी बाटल्याच फोडत. आमच्याकडे त्या गोटीला रंग नाही, पाकळी नाही, पण मान मोठा. कारण ती आली कुठून हे कोणी विचारलं तर सांगता येत नसे. मीही सांगत नाही.

काल रात्री मात्र दिन्याला फोन केला. तो आता ठाण्याला असतो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरीच आहे. म्हटलं, पन्नास वर्षांचा एक अन्याय दूर करावा. लाउशापासून सुरू केलं, कात्री सांगितली, नऊचा आकडा सांगितला, जपानपर्यंत आलो आणि म्हणालो, "दिन्या, तुझं बरोबर होतं. खरंच इंजेक्शन देतात."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"ते मला माहीतच होतं," दिन्या म्हणाला. "पण तू जी फोडलीस ती माझी होती. परत देतो म्हणाला होतास."

"अरे, पन्नास वर्षं झाली!"

"पिवळ्या पाकळीची," तो म्हणाला.

मी म्हटलं, निळी होती, मला पक्कं आठवतंय. तो म्हणाला, पिवळी. बराच वेळ वाद चालला. शेवटी रविवारी गोट्या घेऊन ये, मी ओळखून दाखवतो, असं ठरलं. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "आणि ती जर्मन केवढ्याला पडली रे?"

बायको समोरच भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, "भाच्याने आणली."