साडूंची चटणी आणि विश्वजाल

ज्याला दुकान थाटावयाचे असे, त्याला पूर्वी एक गाळा, एक तराजू, गल्ल्याची लाकडी पेटी आणि दारावर टांगावयास एक पाटी एवढ्या सामग्रीवर भागत असे. पाटी रंगविणाऱ्याने ‘अँड सन्स’मधला ‘न्स’ जागेअभावी वरच्या ओळीत चढविला तरी त्यामुळे धंदा बसल्याचे ऐकिवात नाही, कारण गिऱ्हाईक पाटी वाचून येत नसून शेजारणीच्या सांगण्यावरून येते, हे मालक, गिऱ्हाईक आणि पाटीवाला अशा तिघांनाही पक्के ठाऊक असे. ही सुखाची वहिवाट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटचे दार उघडले त्या दिवशी मोडली. स्वातंत्र्यदिनाच्याच मुहूर्तावर आपण एका नव्या अमलाखाली दाखल होत आहो, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती. परंतु आज स्थिती अशी आहे की, गल्लीच्या तोंडाशी तीन पिढ्या उभे असलेले दुकान मोबाईलच्या नकाशावर उमटत नसेल तर ते अस्तित्वातच नाही असे समजण्याचा प्रघात पडला असून, त्यास अस्तित्वात आणण्यासाठी स्वतंत्र दरखास्त गुदरावी लागते.

आमच्या साडूंचा कोल्हापुरात, शाहूपुरीत, कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे. फाल्गुन सरला की आयाबाया संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या वाळवून, देठ खुडून, तेलावर परतलेले धने, तीळ, खोबरे, कांदा, लसूण असा सारा सरंजाम पातेल्यांत घेऊन त्यांच्या डंकावर येतात आणि वर्षाची बेगमी कुटून नेतात. ज्यांना हा खटाटोप झेपत नाही अशा मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी साडू तयार चटणीही विकतात. हा धंदा बिनतक्रार चालला असता त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे भाचे, व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन घरी आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी, जेवणाच्या पाटावर, आपल्या धंद्याला ‘प्रेझेन्स’ नाही असा निवाडा दिला. सकाळी आठापासून गल्ल्यामागे स्वतः उभ्या राहणाऱ्या साडूंना तो मर्मी लागला. “मग सकाळधरनं हितं कोन हुबा हाय?” एवढेच ते बोलले. परंतु पदवीपुढे बापाचे चालत नाही, या सनातन नियमानुसार आठवडाभरात मसलत बसली, आणि मी एके काळी एका मासिकात मुद्रिते तपासलेली असल्यामुळे लग्नपत्रिकेपासून वारसाच्या अर्जापर्यंत सर्व लेखनकामे ज्याच्या गळ्यात पडतात त्या मला तीत मुन्शी म्हणून पाचारण करण्यात आले.

प्रथम नावाचा प्रश्न निघाला. २०१४ साली सुरू झालेल्या ‘डॉट भारत’ या शेपटामुळे संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीतही घेता येतो, हे कळल्यावर साडूंचा भाषाभिमान उसळून आला. तथापि या साऱ्या यंत्रणेच्या मुळाशी जी नामावळी आहे तिला रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ यांपलीकडे काहीच उमगत नसल्यामुळे देवनागरी नावाचे आतल्या आत ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या एका अगम्य अक्षरमालेत रूपांतर होते, व पत्ता कोणास पाठवू गेल्यास कित्येकदा त्याचे तेच अंतरंग बाहेर येते. ते पाहून साडूंनी “ही कुनाची पत्रिका म्हनायची?” अशी विचारणा केली आणि ठराव फेटाळला. रोमन लिपीचा आश्रय करावा, तर ‘चटणी’ हा शब्द त्या लिपीत जितक्या प्रकारांनी लिहिता येतो त्यांतील बहुतेक सारे प्रकार आमच्याआधी कोणीतरी नोंदवून ठेवले होते. शेवटी दुकानाच्या नावापुढे गावाचे नाव जोडून, बाजारात अगोदर आलेल्या चटणीवाल्यांना शिव्या देत, तो विषय निकालात काढण्यात आला.

यानंतर ‘आमच्याविषयी’ या पृष्ठाचा मसुदा माझ्याकडे सोपविला गेला. आमच्याविषयी सांगण्यासारखे असते तेव्हा माणूस बहुधा बोलत नाही आणि नसते तेव्हा थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. साडूंचा पक्ष दुसरा होता. राजर्षी शाहू महाराजांनी आपली चटणी चाखून पाठीवर थाप दिली होती, हे पहिल्याच वाक्यात यावे असा त्यांचा आग्रह पडला. महाराजांचे निधन १९२२ मध्ये झाले आणि साडूंच्याच कपाटातील परवान्यावरून डंक बसला तो स्वातंत्र्यानंतर, ही हरकत मी नम्रपणे रुजू केली.

“म्हाराजांनी चटणी खाल्लीच नसंल काय, पाव्हणं?”

“खाल्ली असेलच. पण तुमच्या डंकावरची नव्हे.”

“डंक मागनं आला. चटणी आदीपास्नं हायच की!”

या युक्तिवादास उत्तर नव्हते. अखेर १८९५ साली महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसविली आणि त्याच पेठेत आमचे दुकान आहे, अशी दोन निर्विवाद सत्ये शेजारी शेजारी बसवून त्यांचा परस्परसंबंध जोडण्याचे काम वाचकाच्या राजनिष्ठेवर सोडण्यात आले. आणि जाहिरात नामक वाङ्मयप्रकाराचे सारे रहस्य या मखलाशीत आहे, असे त्या दिवसापासून माझे मत झाले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. नकाशावर दुकान दाखविण्यापूर्वी ते खरोखरच आहे, हे गूगलला पटवावे लागते. पूर्वी त्या कंपनीकडून टपालाने एक पत्र येई व त्यातील आकडे कळविले की पत्ता शाबीत होई; आता बहुधा सलग, कोठेही न तोडलेले चलच्चित्र मागतात, आणि त्यात रस्ता, पाटी, आतील साधनसामग्री आणि दुकान आपल्याच ताब्यात असल्याची खूण इतक्या गोष्टी याव्या लागतात. भाच्याने मोबाईल उंच धरून रस्त्यापासून सुरुवात केली. साडूंनी ठेवणीतला फेटा बांधून, पुरावा म्हणून, उघड्या दुकानाला मुद्दाम कुलूप लावले व ते पुन्हा गंभीरपणे उघडले. आणि साधनसामग्री चालू स्थितीत दिसावी म्हणून गड्याने नेमका त्याच क्षणी डंक सुरू केला. लोखंडी मुसळे धाडधाड पडू लागली, संकेश्वरी मिरचीचा तांबूस धुरळा उठला, भाच्याला ठसका लागला, चित्रात जमीन व आढे आळीपाळीने दिसू लागले, आणि मालकी हक्काची खूण म्हणून साडू परवाना भिंगापुढे धरणार तोच त्यांना आलेल्या शिंकेने तो परवाना पलीकडच्या तेलाच्या डब्यात पडला. ही दरखास्त नामंजूर झाली. पुढे मिरची न कुटता घेतलेले चित्र मंजूर झाले, म्हणजे जे काम चालते म्हणून दुकान आहे ते बंद ठेवल्यावरच दुकान असल्याचा दाखला मिळाला.

दाखला मिळताच दुकानाच्या वेळा भरण्याची वेळ आली आणि साडू अस्वस्थ झाले. तोंडी कोणी विचारल्यास “हायच की आपन” हे उत्तर त्यांच्या दोन पिढ्यांना पुरले होते. त्यात पहाटही येई, रात्रही येई, आणि कुस्तीच्या फडाला गेल्यावर पडणारे कुलूपही येई. लिहून दिलेली वेळ मात्र पाळावी लागते. हाच प्रसंग दरांचा. भाच्याच्या व्यवस्थापनशास्त्रात ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारावी’ असे लिहिल्याने गिऱ्हाईक बोलते होते, असा सिद्धांत सांगितलेला होता. मला मात्र दोनशे रुपयांच्या चटणीची किंमत एकांतात कानात सांगण्याजोगी काय नाजूक बाब आहे, हे समजेना. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात उघड दाखविणे भाग आहे, हे मी दाखवून दिले. सरकारचे नाव निघताच साडूंनी दर लिहिला, आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक तर इतक्या मोठ्या अक्षरांत टाकला की तोच दूरध्वनी क्रमांक समजून लोक फिरवू लागले.

मग अभिप्राय येऊ लागले. पाच ताऱ्यांचा पहिला अभिप्राय ‘पार्किंगला जागा आहे’ असा होता. ती जागा समोरच्या गोदामाची असल्याने साडूंनी तो मान स्वीकारावा की परत करावा, या विचारात एक दिवस घालविला. दुसरा अभिप्राय एका ताऱ्याचा होता व त्यात ‘चटणी फार तिखट आहे’ एवढीच तक्रार होती. साडूंनी मला ताबडतोब उत्तर लिहावयास बसविले. त्यांनी सांगितलेला मजकूर असा : “तिखाट नसंल तर ती चटणी कसली, कुक्कू हाय काय कपाळाला लावायचं?” मी मुन्शीच्या इमानाने कागदावर उतरविले ते असे : “आपला अभिप्राय पोहोचला. आपणास झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत. मध्यम तिखट प्रकारही तयार असून आज्ञा झाल्यास पाठविण्याची तजवीज करू.” ते वाचून दाखविताच साडूंनी या दुबळ्या इसमाचा ठावठिकाणा काढण्याचे फर्मान सोडले, आणि गृहस्थ पुण्याचे निघाले असे समजताच त्यांचा राग एकदम निवळला. “मग त्येचं काय चुकलं न्हाई,” ते उदार मनाने म्हणाले, “गूळ घालून पाठवा त्येला!”

लोकसंग्रहाचे पुढील पर्व रीलांचे. २०२० च्या जूनमध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील’ आणले. तेव्हापासून ज्याला काही विकावयाचे आहे त्याने प्रथम नाचून दाखविले पाहिजे, अशी व्यापाराची नवी नीती रूढ झाली आहे. साडूंनी नाचण्यास साफ नकार दिल्यामुळे भाच्याने मिरच्यांच्या ढिगाचे आणि आजीच्या कढईचे चित्रण केले. ते हजारोंनी पाहिले. त्यांतील कित्येकांनी मागचे गाणे कोणते ते विचारले, कित्येकांनी कृती मागितली, आणि एकाने कढई विकाऊ आहे काय अशी चौकशी केली. चटणीची मागणी कोणीच नोंदविली नाही. आजींना कृतीची मागणी वाचून दाखविली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, सुनेला जी अजून सांगितली नाही ती या लोकांना काय म्हणून सांगावी. भाच्याने यानंतर महिनाभर रोज काहीतरी प्रसृत केले आणि मग एकाएकी मौन धरले.

वास्तविक लोकांना धरून ठेवण्याची ही कला आपल्याकडे नवी नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून. परंतु त्यांनी नांगराची स्तुती नांगरापुरती ठेवून बाकीच्या पानांत वाचण्यासारखा मजकूर घातला, तो वेळेवर दिला, आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी नांगर धरला नव्हता असे वाचक त्या अंकाची वाट पाहू लागले. त्याच घरातून पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. आजच्या सल्लागारांनी हीच गोष्ट ‘कंटेंट’ म्हणून शहरोशहरी शिबिरे भरवून विकावयास काढली आहे. फरक इतकाच की किर्लोस्करांनी आधी नांगर चांगला केला होता.

आता साडूंच्या धंद्याची सद्यःस्थिती सांगतो. संकेतस्थळ आहे, त्यावर मी लिहिलेला मजकूर आहे, तो मी व माझी पत्नी सोडून कोणी वाचल्याचा पुरावा नाही. मागण्या येतात त्या व्हॉट्सअॅपवर. २०१८ मध्ये धंदेवाल्यांसाठी निघालेल्या त्याच्या स्वतंत्र आवृत्तीत भाच्याने मालाची यादी, दर आणि वेळा नीट भरून ठेवल्या आहेत, आणि ठाण्याच्या एक बाई बोलून पाठवितात, “मागच्या वर्षीसारखीच द्या, फक्त तेल जरा कमी, आणि काकूंचा गुडघा कसा आहे?” या निरोपातील गुडघ्याला प्रथम व तेलाला मागाहून उत्तर देण्याचे काम साडू जातीने करतात, तेही आपल्या आवाजात, माझा मसुदा न घेता. नकाशावरून येणारे परगावचे लोकही वाढले आहेत, कारण तेथे लिहिलेल्या वेळेला दुकान आता खरोखरच उघडे असते. कुस्तीचा फड असला की आदल्या दिवशी तशी सूचना टाकली जाते.

यावरून माझे मत ठाम झाले आहे. या विश्वजालाने छोट्या दुकानदारावर एकच खरा उपकार केला : जे तो पिढ्यान्पिढ्या तोंडी निभावून नेत होता ते त्याच्याकडून लिहून घेतले. बाकीचा सारा थाट हौसेचा आहे. परवडत असेल त्याने तो जरूर करावा. ज्या वाचकांचे दुकान असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, सल्लागाराचे दरपत्रक मागविण्यापूर्वी त्यांनी पत्ता बरोबर लिहावा, किंमत उघड लिहावी, लिहिलेली वेळ पाळावी, आणि फोन वाजला तर तो उचलावा.