वन नेशन, पण गेटपास दाखवा

25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकं देशभर वाचायला देणारी योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, 6,300 च्या वर संस्था आणि 1 कोटी 80 लाख विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक. आकडे वाचून छाती फुगते. मग बारीक टायपातला मजकूर वाचावा, म्हणजे ती पुन्हा जागेवर येते. पहिला मान सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांचा. बाकीच्यांचं पुढे बघू!

आता मीरा रोड पूर्वेला, नया नगरात या. समजा इथली एक बाई दिवसा खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि रात्री मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांवर संशोधन करते. सहलेखक हैदराबादला, सरकारी विद्यापीठात. तो गच्चीवर बसून लॉगिन करतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने त्याची घरबसल्या सोय केली आहे. बाईंची पीएचडी झाली त्या दिवशी त्यांचा विद्यापीठाचा ई-मेल निवर्तला. नेशन एकच, सबस्क्रिप्शनही एकच, फक्त बाई त्यात नाहीत.

गंमत बघा. 2013 पासून सुरू असलेल्या रेख्ता या संकेतस्थळावर बाईंना जुने दिवाण फुकट वाचता येतात. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध खुले आहेत, तिथे कोणी ओळखपत्र विचारत नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची गझल नया नगरात पोचते, पण त्या गझलेवर गेल्या महिन्यात कोणी काय लिहिलं ते अडतं. (गालिबला बरं होतं. त्याचा लेख पेवॉलमागे नव्हता, फक्त देणेकरी दारात होते.)

मग बाकीचे मार्ग उरतात. पहिला, कालिन्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणं. विरारहून आलेली लोकल मीरा रोडला आतूनच भरलेली असते; तिच्यात शिरणं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. दुसरा, एका लेखासाठी काही हजार रुपये मोजणं. तासिकेच्या मानधनात तो लेख घेतला तर महिनाअखेरीला तोच शिजवून खावा लागेल. तिसरा होता साय-हब, पेवॉलमागचे लेख फुकट देणारं चोरटं संकेतस्थळ. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोही बंद झाला. फिर्यादी कोण? एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी. सरकारच्या योजनेतही हेच तिघे आहेत. 2025 हे एकच साल, प्रकाशकही तेच: सरकारने दार उघडायचे पैसे दिले आणि न्यायालयाने खिडकी लावून घेतली. कायद्याने चूक काही नाही. चोरी ती चोरीच. पण दारातून आत घेतलं असतं तर खिडकीपाशी एवढी गर्दी कशाला झाली असती?

उरतो चौथा मार्ग, ज्याचा उल्लेख कुठल्याही अहवालात नाही: व्हॉट्सअ‍ॅप. 'भाई, ये पीडीएफ मिलेगी क्या?' हैदराबादहून फाइल येते, वर 'आगे मत भेजना' अशी ताकीद. 2010 मध्ये 5,990 कोटींचं नॅशनल नॉलेज नेटवर्क मंजूर झालं, प्रयोगशाळा आणि विद्यापीठं वेगवान तारेने जोडायला. तार उत्तम आहे. नया नगरचा शेवटचा मैल मात्र ही ताकीद घेऊन जाणारी फाइलच चालते.

प्रकाशक करारात वाचक ठरवून देतात, सरकार तरी काय करणार, असं कोणी म्हणेल. करावं ते ब्रिटनने केलं. 2014 मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयात कोणीही जाऊन बसावं आणि नियतकालिकांतले लेख वाचावेत, अशी व्यवस्था प्रकाशकांनीच दिली. घरून नाही, तिथेच बसून वाचायचं. आपल्याकडे महाराष्ट्रात तर 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत. त्यांत एकेक संगणक ठेवून हीच अट पुढच्या करारात घाला. चालू करार 2027 पर्यंतच आहे, वेळ आहे.

मीरा-भाईंदरमध्ये सुरुवात करायला काहीच हरकत नाही. फक्त संगणक येण्याआधी त्याचं भूमिपूजन होईल, बॅनरवर मान्यवरांचे बारा फोटो लागतील आणि पासवर्ड नगरसेवकाच्या कार्यालयातून मिळेल, तेवढं सांभाळा.