कौलारू घराचे गिऱ्हाईक

मुंबईत पहिले घर घ्यायला गेलात की बिल्डर कार्पेट एरिया सांगतो. कोकणात मुरूडजवळच्या आगरदांड्यात जुने घर बघायला गेलात की शेजारी वारस सांगतात. पडवी, माजघर, एक काळोखी खोली, मागे चार पोफळी. आणि मालक मात्र खोल्यांच्या तिप्पट. एक भाऊ डोंबिवलीला, दुसरा कुवेतला, आत्या नालासोपाऱ्याला. हिंदू कुटुंबांत २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला, हे उत्तमच झाले. फक्त तेव्हापासून घर घेणाऱ्याला सगळ्या आत्यांकडचा चहा प्यावा लागतो.

माझ्या भाच्याने लेस्टरला पहिले घर घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, लाल विटांचे, ओळीतले, दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. फोनवर त्या काळाची ऐट सांगत होता. अरे, राणीचा काळ आपल्याकडेही होताच की! बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौले किनारपट्टीभर पसरली. म्हणजे आगरदांड्याचे छप्परही त्याच घराण्यातले. (मुरूडला नवाबाचा १८८५चा राजवाडाही आहे, पण पहिले घर म्हणून तो जरा मोठा पडेल.)

भाच्याला सर्वेअरने जाडजूड अहवाल दिला. आपल्याकडे म्हातारा सुतार येतो. आढ्याकडे बघतो, वाशावर कोयत्याची मूठ ठोकतो, कान लावतो, विडी पेटवतो आणि म्हणतो, "काढील अजून धा वर्सं." वासा की तो स्वतः, हे विचारायचे नसते. वाळवीच्या बाबतीत मात्र त्याचा शब्द अखेरचा.

दलालाला वाशांत रस नसतो. तो तुम्हाला ओट्यावर उभे करून खाडीपलीकडची दिघी दाखवतो. बंदर वाढणार, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा पूल इथूनच जाणार! प्रत्येक वाक्यागणिक घराची किंमत चढते, छप्पर आहे तिथेच गळते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरची कौले उडवली आणि बऱ्याच घरांवर पत्रे आले. पत्रा लवकर बसतो, माकडांना दाद देत नाही आणि भर पावसात नवरा-बायकोला एकमेकांचे बोलणे ऐकू देत नाही. काही संसारांना तो मानवतो म्हणे. मला विचाराल तर कौलेच ठेवा, दर मे महिन्यात परतून घ्या. घर बायकोच्या नावावर घ्या. २०२१पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. शिडीवर मात्र तुम्हीच चढा.

आणि घर बघायला दिवाळीत जाऊ नका. तेव्हा अंगण सारवलेले असते, कुठलेही घर घ्यावेसे वाटते. जुलैत जा, माजघरात गळतीखाली किती पातेली मांडली आहेत ती मोजा. तरीही घ्यावेसे वाटले तर जरूर घ्या. पण इसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या.